तीनशे चौऱ्याऐंशी उरतात

सन एकोणीसशे शहाऐंशी, दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. हिशेब असा: सहाशे चाळीस गुणिले दोनशे, भागिले आठ. उत्तर सोळा हजार. हजर: आमच्या जिनिंग सोसायटीचे अध्यक्ष भाऊसाहेब, सेक्रेटरी, कॉम्प्युटर विकायला आलेला नागपूरचा माणूस, हिशेब करणारा मी, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा असलेला श्रीपतभाऊ. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पण तो होता, म्हणून लिहिलं.

त्या सोमवारला आता तीन वर्षं झाली. पुन्हा कापूस आला आहे. केळझरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं आवार आहे. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना रुईचे पुंजके लटकले आहेत. भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, खालून गेली की काटे आपापला वाटा काढून घेतात. सकाळी खिडकी उघडली की टेबलावर, शाईच्या बाटलीवर, चष्म्याच्या घरावर पांढरी लव बसलेली असते. बोटानं पुसली तर दहा मिनिटांत परत. या दिवसांत माझी बायको मंदा मला घरात शिरण्याआधी अंगणात सदरा झटकायला लावते. सोळा वर्षं मी तो झटकतो आहे. पूर्वी त्यात विशेष काही वाटत नसे. आता झटकताना मी श्वास धरून ठेवतो, आणि धरला आहे हे लक्षात आलं की लाज वाटते.

मी त्र्याहत्तर साली वजनकाट्यावर कारकून म्हणून लागलो, तेव्हा फाटकाजवळ फळा होता आणि फळ्याजवळ श्रीपतभाऊ. फळा सहा फूट बाय चार फूट, सागाचा. दसऱ्याच्या आधी श्रीपतभाऊ जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून त्याला तीन हात देई आणि सावलीत वाळवी. उन्हात वाळवला तर फुगे येतात, हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या फळ्यावर बंड्यांचे नंबर लागत. वीस ओळी, तीन रकाने, साठ नावं. दिवसाला साधारण तेवढ्याच बंड्यांचं वजन होई. ज्याचं नाव तिसऱ्या रकान्यात, तो बैल सोडून निवांत बसे. दुसऱ्यात असलेला भाकरी खाऊन घेई. पहिल्या रकान्यातला बंडीपासून हलत नसे. कोणाला काही विचारायची गरज नव्हती. फळ्याकडे एकदा पाहिलं की माणसाला आपला दिवस कळे.

अर्ध्या गाडीवानांना वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी श्रीपतभाऊनं नावापुढे गावाचं नाव न लिहिता गावाची खूण काढायची पद्धत पाडली होती. केळझरला गणपतीचं देऊळ, म्हणून सोंडेचा एक बाक. नदीकाठच्या गावासाठी दोन लाटा. जिथल्या वेशीत मोठी चिंच आहे त्या गावाला चिंचेचा आकडा. एका गावची विहीर खारी, तर त्याला गोल आणि मधे ठिपका. आमच्याकडे कापूस आणणारी गावं अकरा, खुणा अकरा. माणूस आधी आपल्या गावची खूण शोधी, मग नंबराच्या उभ्या काठ्या मोजी. पहिल्या हंगामात मीही खुणांवरूनच गावं शिकलो. एकदा मी विचारलं, एवढा मोठा फळा तू न बघता कसा लिहितोस. तो म्हणाला, "फळ्याकडं काय पाहाचं? मी बंडीकडं पाह्यतो. बैल वयखीचे असतात."

त्याला दमा होता. खडूचा त्रास होत नसे, कारण काम उघड्यावर होतं आणि तो ओला खडू वापरी, वाटीत बुडवून. पण रुईचा एक पुंजका जरी नाकाजवळून गेला तरी तो तोंड फिरवी. सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या जिनाच्या शेडकडे तो कधी जात नसे. पगाराची सही करायलाही तिकडून न जाता मागच्या बाजूनं वळसा घालून येई, चारशे पावलं जास्त. मी ती मोजली होती, कारण एकदा पैज लागली होती.

शहाऐंशीच्या दसऱ्यात भाऊसाहेब नागपूरला जाऊन आले आणि म्हणाले, फळ्याचे दिवस गेले. कॉम्प्युटर घ्यायचा, त्याचा पडदा खिडकीत लावायचा, नंबर पडद्यावर दिसतील. मी त्याआधी दोन वर्षं दर रविवारी नागपूरला जाऊन कॉम्प्युटरचा वर्ग केला होता. आवारात तसा मी एकटाच. भाऊसाहेबांनी शनिवारी मला बोलावलं आणि एकच प्रश्न टाकला: "प्रभाकरराव, तो नागपूरचा माणूस म्हणते मराठी दिसते. तुम्ही हिशोब करून सांगा, त्या मशीनच्या मेमरीत मराठी पडदा बसते का नाई. बसत असंल तर घेऊ. नाई तर हा हंगाम फळाच राहू द्या."

रविवारी दिवे लागायच्या वेळी श्रीपतभाऊ आमच्या घरी आला. सायकल कुंपणाला टेकवली आणि बराच वेळ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ओट्यावर वाकून बसला. केळझरच्या बाजूनं सायकल मारत आल्यावर त्याला तेवढा वेळ लागे. मंदानं चहा आणला.

"कसे आहात भाऊजी?"

"बरा हाय. हा तुमचा हिशोबवाला काय करून राह्यला?"

मी चौकटीचा कागद पुढ्यात घेऊन बसलो होतो. हिशेब झालेला होता. त्यानं तो समजावून मागितला, म्हणून मी समजावला. पडदा म्हणजे ठिपके. आडवे सहाशे चाळीस, उभे दोनशे. एकूण एक लाख अठ्ठावीस हजार. प्रत्येक ठिपका एक तर पेटलेला, नाही तर विझलेला. तेवढं मशीनला लक्षात ठेवावं लागतं. आठ ठिपक्यांची आठवण एका बाइटमध्ये मावते. म्हणून भागिले आठ. सोळा हजार बाइट. आणि पडद्यासाठी मशीनमध्ये जागा आहे सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी. इंग्रजी लिहायचं तर ठिपके लक्षात ठेवावे लागत नाहीत. अक्षरांचे साचे मशीनमध्ये घडवलेलेच असतात. ऐंशी अक्षरांची ओळ, पंचवीस ओळी, अक्षराला दोन बाइट. चार हजारांत काम होतं. मराठीचे साचे त्यात नाहीत, मराठी ठिपक्या-ठिपक्यानं काढावी लागते, म्हणून चौपट जागा.

मी चौकटींच्या कागदावर सोळा बाय सोळाचं एक घर आखून त्यात 'श्री' भरून दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"वेलांटी तुटल्यासारखी दिसते."

"ठिपक्यांत तशीच येईल, भाऊ."

"आन हे जे रिकामे घरं ठेवले तू, ज्याच्यात काहीच नाई, त्याले बी जागा लागते?"

"लागते. विझलेल्या ठिपक्याला तेवढीच."

"मंग फळाच बरा. कोऱ्या जागेचं काही द्या लागत नाई तिथं."

मंदा हसली. तोही हसला, आणि हसता हसता खोकला. मग कप खाली ठेवून त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं.

"तू उद्या लिहून देशीन ना?"

"हो."

"परभाकर, बसत नाई म्हून लिही."

मी पेन्सिल कागदावर ठेवली.

"सेक्रेटरीनं सांगतलं मले. फळा गेला का मले काढणार नाईत. जिनात देतील काम, कापूस टाकाले. माही छाती तुले ठाऊक हाय. तठी एक हंगाम नाई निघाचा माह्याच्यानं. दुसरं काम नाई त्याइच्यापाशी, आन शेत नाई माह्यापाशी. एक ओळ लिहाची हाय तुले. या साली बसत नाई. पुढच्या साली बसू दे."

मी कागदाकडे बघितलं. भागाकार तीनदा ताळा करून घेतला होता.

"खोटं कसं लिहू भाऊ? तीनशे चौऱ्याऐंशी उरतात."

तो उठला, सायकल घेतली.

"तू लिहनार नाई हे मले मालूम होतं. तरी इचारून पाह्यलं. कमलनं सांगतलं होतं, इचारजो." कमल त्याची बायको. कुंपणापाशी वळून तो म्हणाला, "श्रीची वेलांटी जरा गोल कर."

तो गेल्यावर मंदा म्हणाली, "एवढे उरतात ते काय करणार आहेत तुम्ही त्यांचं?" मी म्हणालो, ते कशालाच लागत नाहीत. तिनं कप उचलले.

सोमवारच्या बैठकीत मी लेखी दिलं. टिपण अर्ध्या पानाचं होतं, त्याची नक्कल माझ्याजवळ आहे. 'मराठी पडद्यास सोळा हजार बाइट लागतात, उपलब्ध सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी, सबब बसते. मराठी अक्षरास उंची सोळा ठिपके धरता बारा ओळी, दोन रकाने, चोवीस नावे.' बारा ओळी वाचून भाऊसाहेब म्हणाले, "चोवीस पुरे. चोवीस झाले का पुढचे चोवीस." मी दाराकडे बघितलं नाही. श्रीपतभाऊ तिथे होता हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं.

या टिपणात एकही चूक नाही. तीन वर्षांत मी ते पन्नासदा तरी वाचलं असेल. त्यात एकच गोष्ट लिहिलेली नाही. जागा आहे म्हणजे अक्षरं आहेत असं नव्हे. क, का, कि, की, सगळी जोडाक्षरं कोणीतरी ठिपक्या-ठिपक्यानं काढून द्यायला हवी होती. नागपूरचा माणूस म्हणाला होता, अक्षरांची फ्लॉपी पंधरा दिवसांत पाठवतो. ती त्याच्याकडे नाही आणि कदाचित कुठेच नाही, असा संशय मला त्याच क्षणी आला होता. त्याला मी एक 'श्री' काढायला सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण मला विचारलं होतं ते एवढंच, की बसतं का. मी विचारलेल्याचं उत्तर दिलं. शाळेपासून मला त्याबद्दल मार्क मिळत आले होते.

मार्गशीर्षात मशीन आलं. कार्यालयाच्या खिडकीत जाळीच्या मागे पडदा बसला. फळा उतरवून गोदामाच्या मागे भिंतीला टेकवून ठेवला. फ्लॉपी आली नाही. हंगाम थांबत नाही, तेव्हा तात्पुरतं म्हणून नावं इंग्रजीत टाकायला सुरुवात झाली. ती मीच टाकत असे. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. दुपारी ऊन समोरून आलं की काचेत बंड्या आणि बैल दिसत, नावं दिसत नसत. चार हजार बाइटमध्ये काम भागत होतं. बारा हजारांवर जागा नुसती पडून होती.

"बाबू, माहं नाव कुठं हाय यात?"

"सातवं. वरून सातवं बघा."

"सातवं तं दिसते. पन ते माहं हाय हे कशावरून?"

मी ते नाव मोठ्यानं वाचलं. दिवसभर मी जाळीतून नावं ओरडून सांगत असे. माणसं जागची हलत नसत, भाकरी खायला जात नसत, खिडकीसमोर उभी राहत. नंबर चुकलेला एक म्हातारा रांगेच्या शेवटी जाऊन बसला तेव्हा शिव्याही देईना. तो नुसता पडद्याकडे बघत होता.

जेवणाच्या सुटीत श्रीपतभाऊ जिनातून बाहेर येई. भुवया, मिशा, कानाचे केस, सगळं पांढरं. तोंडाला पंचा बांधलेला. तो टपरीवर न जाता खिडकीपाशी येई आणि मला म्हणे, "वाच." मी इंग्रजीतलं नाव वाचून दाखवी. तो खिशातला खडू काढून त्या माणसाच्या बंडीच्या आडव्या लाकडावर गावाची खूण आणि नंबराच्या काठ्या काढून येई. एक एक बंडी. मधे चाकाला धरून थांबे, मग पुढची. सुटी अर्ध्या तासाची. अर्ध्या तासात तो पंधरा-सोळा बंड्या करी. पौषात दहा झाल्या. संक्रांतीनंतर सहा.

मी एकदा भाऊसाहेबांकडे गेलो. सांगितलं, श्रीपतची छाती जिनात टिकणार नाही. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मंग बसू द्या त्याले घरी. मी जबरदस्ती केली काय?" मी म्हणालो, घरी बसला तर खाईल काय. ते म्हणाले, "प्रभाकरराव, तुम्हीच लिहून दिलं ना, बसते म्हून." मी परत काट्यावर आलो. दुसऱ्यांदा गेलो नाही. हेही लिहिलं पाहिजे.

एक दिवस खिडकीशी त्यानं पंचा खाली ओढून विचारलं, "माह्या खुना बसल्या असत्या काय रे त्या तुह्या पडद्यात?" मी म्हणालो, बघून सांगतो. त्या दिवसांत पाहिलं नाही. गर्दी होती.

फाल्गुनात त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी रविवारी गेलो. बाहेर पळस पेटला होता, वॉर्डात गरम हवा कोंडली होती. तो उशीला टेकून, पुढे वाकून बसला होता. आडवं पडलं की त्याला श्वास मिळत नसे. कमलवहिनी पाठीमागून त्याला धरून बसल्या होत्या. मला बघून तो म्हणाला, "आले, हिशोबवाले आले." मग थांबला. दोन श्वासांच्या मधे त्याला एकच शब्द मिळत होता.

"किती... उरते... म्हनला होता?"

"भाऊ, राहू दे ना."

"सांग... ना."

"तीनशे चौऱ्याऐंशी."

त्यानं छातीवर हात ठेवला. "इथलं... काढ... आता."

वहिनी म्हणाल्या, "काऊन बोलता जी एवढं?" तो डोळ्यांनी हसला. मी मोसंबी ठेवली आणि पाचच्या बसनं परत आलो. होळीच्या दोन दिवस आधी तो गेला. फाटकाजवळ त्या दिवशी एकोणीस बंड्या होत्या.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याच्यानंतर काढलं. एक खूण सोळा बाय सोळा ठिपक्यांत बसते. दोनशे छप्पन्न ठिपके, भागिले आठ, बत्तीस बाइट. उरलेले तीनशे चौऱ्याऐंशी भागिले बत्तीस, बारा. पडदा पूर्ण मराठी भरला असता तरी अशा बारा खुणा उरलेल्या जागेत साठवता आल्या असत्या. गावं अकरा. अक्षरं आली नाहीत तरी खुणा मी स्वतः काढू शकलो असतो. अकरा चौकोन, फार तर आठवड्याचं काम. मग इंग्रजी असो की काही असो, माणसानं आपलं गाव ओळखलं असतं. आणि त्या खुणा मशीनला शिकवायला, त्या बरोबर आहेत की नाहीत ते बघायला, खिडकीच्या अलीकडे खुर्चीवर एक माणूस लागला असता. हे मला तेव्हा सुचलं नाही. उरलेलं कशालाच लागत नाही, असं मी मंदाला सांगितलं होतं.

या हंगामात ते काम मी काढलं आहे. कोणी सांगितलेलं नाही. चौकटीचा कागद, शिसपेन्सिल. सोंडेचा बाक जमला. दोन लाटा, चिंचेचा आकडा, खारी विहीर. दहा झाल्या. दहा गुणिले बत्तीस, तीनशे वीस. अकरावं गाव मला ठाऊक आहे, तिथली माणसं, त्यांचे बैल ठाऊक आहेत. गेल्या आठवड्यातच तिथल्या चार बंड्या काट्यावर घेतल्या. पण त्या गावाची खूण आठवत नाही. तेरा हंगाम मी ती रोज बघत होतो. गाडीवानांना विचारलं. एक म्हणाला नांगर होता, दुसरा म्हणाला पक्षी. कागदावरचं अकरावं घर रिकामं आहे, आणि त्याला जागा तेवढीच लागते.

ती खूण फळ्यावर होती. श्रीपतभाऊ गेल्यावर मी सोसायटीला अर्ज लिहिला की त्याच्या बायकोला काही द्यावं. अर्जावर शेरा आला: 'हंगामी कामगार, नियमात बसत नाही.' त्याच उन्हाळ्यात कमलवहिनी आवारात आल्या. त्यांनी पैशाचं विचारलं नाही. गोदामामागचा फळा मागितला. त्यांच्या न्हाणीला दार नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, न्या, सडूनच राहिला आहे. मी एका बंडीवाल्याला सांगून तो त्याच्या बंडीत घातला आणि सोबत गेलो.

फळा मार्गशीर्षापासून कोणी पुसला नव्हता. शेडच्या आडोशाला असल्यानं पाऊसही लागला नव्हता. वीस ओळी, तीन रकाने, साठ नावं, प्रत्येकापुढे खूण. वहिनींच्या अंगणात आम्ही तो उतरवून भिंतीला उभा केला. मला वाटलं होतं त्या त्याच्याकडे बघत बसतील. त्या आत गेल्या आणि बादलीत फडकं बुडवून आल्या.

"वहिनी, राहू द्या ना थोडे दिवस."

"लोकाइचे नावं हायेत भाऊजी. यात तुमच्या भाऊचं नाव कुठं हाय? लोकाइचे नावं कायले ठेवू मी घरात?"

तीन हातांत फळा काळा झाला. पाणी पांढरं होऊन अंगणात वाहिलं. कागद-पेन्सिल माझ्या खिशात होती. ती मी काढली नाही.

सोसायटीनं शेवटी दिलं ते पावतीवर इतकं: लाकडी फळा एक, सहा फूट बाय चार फूट, वापरलेला. घेणार, कमल श्रीपत. सही नाही, डाव्या हाताचा अंगठा. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.